टेकाडावरचं मत

स्पर्धेतून बाहेर पडलेल्या माणसाला आधी रडू येत नाही, भूक लागते. नाव पुकारलं जातं, संगीत वाजतं, सगळे मिठ्या मारतात, कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ येतो आणि मग एकदम दिवे मालवतात. थोड्या वेळाने तो माणूस मेकअपच्या खोलीत एकटाच बसलेला असतो आणि तुम्ही दार उघडलंत तर विचारतो, "काही खायला मिळेल का?" हे मी इतक्या वेळा पाहिलं की शेवटी शेवटी माझ्या पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी कायम असायची.

टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. गाण्याच्या, नाचाच्या, विनोदाच्या, स्वयंपाकाच्या. मला मात्र टीव्हीवर कोणी कधी पाहिलं नाही. माझ्या पदाचं नाव होतं 'स्पर्धक समन्वयक'. प्रत्यक्षात मी होते वसतिगृहाची रेक्टर. स्पर्धकांना उठवायचं, त्यांचे फोन काढून घेऊन कपाटात ठेवायचे, कोणाला पित्त झालंय, कोणाला घरची आठवण येतेय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, ते बघायचं. आणि सगळ्यात शेवटचं काम म्हणजे, बाद झालेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत घालून त्याच्या दारापर्यंत सोडायचं. हरलेल्या माणसाला एकटं पाठवायचं नाही, हा आमच्या एका जुन्या निर्मात्याने घालून दिलेला दंडक. ते गेले, दंडक राहिला, आणि तो पाळायला मी राहिले.

त्या प्रवासांत माणसं काय काय करतात! एक गायक मुलगा पुण्यापासून कराडपर्यंत सलग गात राहिला. स्टेजवर त्याचा जो सूर लागला नव्हता तो वाठारच्या आसपास लागला, आणि ऐकायला आम्ही दोघंच, मी आणि दत्ता ड्रायव्हर. एका नाचणाऱ्या मुलीने गाव यायच्या आधीच गाडी थांबवायला लावली. म्हणाली, इथून चालत जाते, म्हणजे भेटेल त्याला वाटेत एकेकट्याला सांगता येईल, एकदम सगळ्यांना तोंड द्यायला नको. मीही तिच्याबरोबर चालले.

आता मी घरी बसले आहे, तर लोक विचारतात, ती मतं खरी असतात का हो? मी सांगते, माझ्या पाहण्यातली तरी खरी होती. दुखणं तेच होतं. खोटी असती तर हरलेल्याला समजावणं सोपं गेलं असतं. "तुझं काही चुकलं नाही, वरूनच ठरलेलं होतं," एवढं सांगून मी मोकळी झाले असते. पण समोरचा विचारायचा, त्याला दिली, मग मला का नाही? आणि या प्रश्नाला माझ्याकडे बरीच वर्षं उत्तर नव्हतं. गाणाऱ्याला सुरांवर मत मिळतं असं म्हणावं, तर बेसूर मुलगा पुढे गेलेला मी बघितलाय. गरिबीवर मिळतं म्हणावं, तर गरीब मुलगी पहिल्याच आठवड्यात घरी गेलेली बघितलीय. जे थोडंफार कळलं ते मला स्वयंपाकाच्या स्पर्धेत कळलं. कारण स्वयंपाकाच्या स्पर्धेत प्रेक्षकाला ना वास येतो ना चव कळते. परीक्षक चाखून गुण देतात, ते अर्धे. उरलेले अर्धे प्रेक्षकांच्या मतांचे, आणि प्रेक्षक तर नुसतं बघत असतो. मग तो मत देतो कशाला?

त्या स्पर्धेत पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातले दोघं होते. विमलताई रिहे गावच्या. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, हाडापेराने मजबूत. घरची भातशेती, थोडी जमीन फार्महाऊसवाल्यांना गेलेली, बाकीची अजून कसत होते. गावातलं लग्न असो, बारसं असो, नाहीतर दहावं असो, चुलीपुढे विमलताई. त्यांच्या सुनेने, स्वातीने, त्यांचा खेकड्याचं कालवण करतानाचा व्हिडिओ काढून आमच्याकडे पाठवला आणि त्या निवडल्या गेल्या. दुसरा ओंकार. मूळचा लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला, जांब्याला भाड्याच्या खोलीत मित्रांबरोबर राहणारा. मेसचं खाऊन कंटाळला म्हणून आईचा फोन कानाशी धरून स्वयंपाक शिकलेला. मनाने अतिशय गोड मुलगा आणि हाताने अतिशय धांदरट.

विमलताईंना मदत मागणं ठाऊकच नव्हतं. मोठं पातेलं उतरवायचं असलं तरी पदर कमरेला खोचून एकट्या उतरवायच्या. ओंकारचं उलट. "मावशी, जरा धरता का? दादा, हे उकळलं का बघता? अरे, माझं झाकण कुठं गेलं?" त्याच्या ओट्याभोवती कायम दोघं-तिघं गोळा. दिग्दर्शकाने एकदा विमलताईंना कॅमेऱ्यासमोर बसवून आयुष्यातलं दुःख सांगायला सांगितलं. हा भाग प्रत्येक स्पर्धेत असतो आणि प्रेक्षकांना तो आवडतो. विमलताईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "दुःख कुनाला न्हाई? पर ते काय ताटात वाढायचं असतं व्हय?" दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

मग ते वांग्याचं प्रकरण झालं. एका भागात स्पर्धकांनी एकमेकांचे पदार्थ चाखून मत सांगायचं होतं. ओंकारने भरली वांगी केली होती. विमलताईंनी घास घेतला, चावला, आणि कॅमेऱ्याकडे न बघता त्याला म्हणाल्या, "पोरा, वांगं कच्चं हाय आन् मसाला जळलाय. दोनी एकाच भांड्यात कसं जमवलंस?" सगळे हसले, ओंकारही हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरले. कॅमेऱ्याने ते बरोबर टिपलं. तो तुकडा मग मोबाइलवरून महाराष्ट्रभर फिरला. किती तोडून बोलते ही बाई! आईच्या वयाची, आणि पोराचं मन मोडते!

प्रेक्षकांनी जे बघितलं नाही ते मी बघितलं होतं. त्याच दिवशी चित्रीकरण थांबवून सगळे जेवायला गेले, तेव्हा विमलताई जेवायला गेल्या नाहीत. त्यांनी ओंकारला शेगडीपुढे उभा केला, गॅस बारीक केला आणि मसाला भाजायला लावला. जळला की ओतून टाकायला लावायच्या आणि पुन्हा घ्यायला लावायच्या. "डोळ्यानं बघू नगंस, नाकानं बघ," एवढंच मधूनमधून म्हणायच्या. पुढच्या आठवड्यात परीक्षकांनी ओंकारच्या रश्श्याची वाखाणणी केली तेव्हा तो म्हणालाही, की मावशींनी शिकवलं. पण तोवर वरून संगीत सुरू झालं होतं, त्यात ते वाक्य बुडालं.

शेवटी बाद होण्याच्या रेषेवर हे दोघंच उभे राहिले. परीक्षकांचे गुण विमलताईंना जास्त होते. प्रेक्षकांच्या मतांनी ओंकारला वाचवलं. तो स्टेजवरच त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागला. विमलताईंनी त्याला थोपटलं, अंगावरचा एप्रन काढून घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि बाहेर आल्या.

मी पिशवीतल्या दशम्या काढल्या. त्यांनी नको म्हणून हात केला. इतक्या वर्षांत भूक न लागलेली ही पहिलीच बाई. भिंतीकडे बघत त्यांनी मला विचारलं, "ताई, लोकांना माझं काय खुपलं?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. स्पर्धा म्हटली की असं व्हायचंच, वगैरे. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. घाट चढून वर आल्यावर त्या आपण होऊनच सांगायला लागल्या, की सुनेने व्हिडिओ पाठवला हे खरं, पण यायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात त्या रांधत आल्या, आणि घर मुकाट्याने जेवत आलं. सासरे होते तोवर सासरे, मग दीर, मग मुलगा. नवऱ्याचं तर काही कळायचंच नाही. चांगलं झालं तरी दुसऱ्यांदा भात घेणार आणि बिघडलं तरी घेणार. गावाच्या पंगतीत पण तेच. लोक ढेकर देऊन उठून जातात. "मंग मला वाटलं," त्या म्हणाल्या, "परक्या मानसांना तरी इचारून बघावं."

परीक्षकांनी तर तुमचं किती कौतुक केलं, मी म्हणाले.

"ते पगारी हायेत," विमलताई म्हणाल्या.

हिंजवडीची गर्दी मागे टाकून आम्ही घोटावड्यात आलो तेव्हा दत्ताला चहा हवा होता. रस्त्याकडेला एका टपरीपाशी गाडी लावली. टपरीवर एक ठसठशीत बाई होती, गल्ल्यावर तीच आणि चहाच्या भांड्यापुढेही तीच. तिने विमलताईंना बघितल्याबरोबर ओळखलं. लगबगीने बाहेर आली, त्यांचा हात हातात घेतला, आणि माझ्या वर्षानुवर्षांच्या प्रश्नाचं उत्तर तिने उभ्या उभ्या दिलं.

"रागावू नका काकी," ती म्हणाली, "पर मी मत त्या पोराला दिलं. आमच्या वरच्या खोल्यांत तसलीच पोरं भाड्यानं ऱ्हात्यात. कंपनीतनं येत्यात आन् बिस्किटं खाऊन झोपत्यात. त्याला बघितलं की मला तीच दिसत्यात. तुमचं काय, तुमी कुटंबी गेला तरी तुमचं अडत न्हाई. त्याचं कसं व्हनार?"

विमलताईंनी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बरं केलंस." आणि चहा घेतला. त्या दिवसातलं त्यांच्या पोटात गेलेलं ते पहिलं काही.

मी मात्र चहा हातात धरून तशीच उभी होते. इतकी वर्षं मी समजत होते की प्रेक्षक सगळ्यात चांगल्याला निवडतात, नाहीतर सगळ्यात दुःखी माणसाला. तसं नसावं. आपण मत दिलं नाही तर ज्याचं अडेल असं वाटतं, त्याला लोक मत देतात. आपली कोणाला तरी गरज आहे, हे माणसाला दिवसभरात फार थोडे जण जाणवून देतात. ओंकार ते दर भागात जाणवून द्यायचा, आणि तेही मनापासून. विमलताईंनी जन्मात कोणाला ते जाणवू दिलं नव्हतं. आख्खं गाव त्यांच्या हातचं जेवलं होतं, पण त्यांना काही द्यायची वेळ गावावर कधी आली नव्हती. ज्याने कधी काही मागितलं नाही, त्याला देण्याची सवय लोकांना लागत नाही.

गाडीत बसल्यावर मला हे सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. त्यांना ते माझ्या आधी कळलंय असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

रिह्यात घरापुढे स्वातीने मोठी रांगोळी काढली होती. दारात तिने सासूच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. बायका जमल्या, चार म्हातारे जमले. जो तो सांगत होता, आमी लई मतं दिली, कंपनीचीच काहीतरी गडबड झाली. विमलताई सगळ्यांना व्हय व्हय म्हणत होत्या. त्यांचे यजमान, बबनराव, गाव त्यांना अण्णा म्हणतं, ते ओट्याच्या खांबाला टेकून उभे होते. बारीक अंगाचे, डोक्यावर टोपी, बोलायचं म्हटलं की खाली बघणारे. बायको आली तेव्हा त्यांनी नुसतं "आलीस?" म्हटलं आणि तिची पिशवी आत नेऊन ठेवली.

जमलेल्यांतले एक म्हातारे गृहस्थ मला अण्णांचं कौतुक सांगायला लागले. मत द्यायचं म्हणजे स्पर्धकाच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा असे. या खोऱ्यात घराच्या आत मोबाइलला रेंज नसते. तर अण्णा म्हणे रोज संध्याकाळी मागच्या टेकाडावर चढून जायचे, फोन वर धरून उभे राहायचे, आणि मत देऊनच खाली यायचे. पाऊस असला तर छत्री घेऊन जायचे. स्वाती म्हणाली, खरंच आत्या, मामा एक दिवस चुकले नाहीत. मी चालले बरोबर, म्हटलं तर मला येऊ द्यायचे नाहीत.

विमलताई पाण्याचा तांब्या खाली ठेवून नवऱ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना तोवर पुष्कळदा बघितलं होतं, जिंकताना, हरताना, चटका बसताना. असा चेहरा बघितला नव्हता. "रोज?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. ते गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण त्या माणसाला फुकटचं कौतुक सोसेना.

"तुला न्हाई," ते म्हणाले. "त्या पोराला देत व्हतो."

स्वातीचा हात तोंडावर गेला.

"का?" विमलताईंनी विचारलं.

"तू घरी यावीस म्हनून."

विमलताई उठल्या आणि घरातून मागच्या बाजूला निघून गेल्या. जमलेले लोक पण एकेक करत उठले. मी थोडा वेळ थांबून मागे गेले. परसात त्या धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. समोर भात निसवलं होतं, नुकत्या लोंब्या बाहेर पडलेल्या, खाचराच्या बांधापर्यंत सगळं हिरवं. मला वाटलं होतं रडत असतील. रडत नव्हत्या.

मला बघून म्हणाल्या, की तिथं रोज निजताना त्यांना वाटायचं, आपल्याला दुसरं कोणी नाही तरी घरातलं एक मत आहे. तेवढ्यावर त्या दुसऱ्या दिवशी उभ्या राहायच्या. लाखो मतांत अण्णांच्या एका मिस्ड कॉलने काय फरक पडणार, असं मी म्हणाले. ते खरंही होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढे बोलले नाही. काही मतं मोजायची नसतात, हे इतकी वर्षं मतांच्या धंद्यात राहून मला कळायला हवं होतं.

मग त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि आत गेल्या. मी मागोमाग. अण्णा अजून त्याच खांबाशी होते. विमलताई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता.

"मला घरी बोलवायचं व्हतं तर तितं निरोप द्यायचा. ये म्हनायचं."

"तू आली असतीस?"

"न्हाई."

अण्णांनी खाली बघितलं.

"आले नसते," विमलताई म्हणाल्या. "पर मला ऐकायला तरी मिळालं असतं."

अण्णा खांबाच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, की स्वाती करते ते चांगलंच करते, तिला नावं ठेवायची नाहीत. पण संध्याकाळी शेतावरून येताना घर दिसलं की पाय उचलत नसत. बांधावरच बसून राहायचो. एवढं मोठं वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले असावेत, कारण ते संपल्यावर ते लगेच गोठ्याकडे निघून गेले.

विमलताईंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, जेवून जावा. आता कायतरी टाकते चुलीवर." आणि तेव्हा, सुमारे एक दिवस उशिरा, त्यांना भूक लागली. त्यांनी उभ्यानेच माझ्या पिशवीतली दशमी खाल्ली.

नवरा-बायकोचं त्यावर पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. निघताना एवढं दिसलं की विमलताईंचा राग गेलेला नव्हता. तो जायची घाईही त्यांना दिसत नव्हती.

ही हकिगत इथेच संपली असती. पण दोन आठवड्यांनी ओंकार बाद झाला. एका मुलीने स्वयंपाक करताना बोट कापून घेतलं आणि एका हाताने पुरणपोळ्या केल्या. महाराष्ट्राला ओंकारपेक्षा जास्त गरजवंत सापडली. तो मेकअपच्या खोलीत बसला, माझ्या सगळ्या दशम्या संपवल्या आणि मग रडला. अगदी नियमाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन निघाले. हिंजवडीला वळायची वेळ आली तसा तो अस्वस्थ झाला. रविवार होता. खोलीवरचे मित्र सुट्टी जोडून आपापल्या गावी गेले होते. लातूरला आईवडिलांना त्याने फोन केला होता. ते म्हणाले होते, ये, पण लातूर लांब आणि सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. जांब्याच्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मॅडम, खोलीवर कुणीच नाही. कुलूप काढायचं म्हणलं तरी नको वाटलालंय. मला रिह्याला सोडता का?"

असं कोणी कधी मागितलं नव्हतं. दत्ताने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घे.

आम्ही न कळवताच गेलो. विमलताई परसात होत्या. हाक ऐकून पुढे आल्या, ओंकारला वरपासून खालपर्यंत बघितलं. कसा हरलास, का हरलास, काही विचारलं नाही. "हात धू," म्हणाल्या, "आन् लसूण सोल. खेकडं आनल्यात." तो जाऊन चुलीशेजारी बसला. आतून त्याचा आवाज सुरू झाला, मावशी, हे असं का? मावशी, नांग्या कशानं ठेचायच्या? मावशी, पाट्याला पाणी किती? आणि विमलताईंचं तोडून बोलणं. ओट्यावर बसून ते ऐकताना मला वाटत राहिलं, की हे असंच दाखवायला हवं होतं. पण त्याला कॅमेरा नसायला हवा होता, आणि कॅमेरा नसता तर दाखवलं कसं असतं?

जेवायला अण्णा आले. ताटं वाढली. खेकड्याचं कालवण आणि इंद्रायणीचा भात. ओंकारने पहिला घास घेतला आणि जे तोंड सुरू केलं ते काही केल्या थांबेना. असं कालवण जन्मात खाल्लं नाही, वगैरे. अण्णा खाली बघून जेवत होते. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि शेवटी मोठ्या कष्टाने बायकोकडे बघितलं.

"मीठ बरोबर पडलंय," ते म्हणाले.

"बरं," विमलताई म्हणाल्या आणि त्यांना भात वाढला. स्वातीने पदरात तोंड लपवलं.

मग अण्णा ओंकारला म्हणाले, "पोरा, मी तुला मत देत व्हतो. रोज."

ओंकारला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याला भरून आलं. जेवता जेवता उष्ट्या हाताने तो त्यांच्या पाया पडायला निघाला, त्याला मी बसवला. म्हणाला, "काका, मग या खेपेला कसं कमी पडलं?"

"या टायमाला न्हाई दिलं."

"का हो?"

अण्णांनी भात कालवला. "माझं काम झालं व्हतं," ते म्हणाले.

विमलताईंना आधी ठसका लागला. मग त्या हसायला लागल्या, आणि एकदा हसायला लागल्यावर त्यांना ते आवरेना. हातातली पळी बाजूला ठेवून भिंतीला टेकून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्याकडे बघून अण्णाही हसले, तोंड दुसरीकडे वळवून. ओंकारला काही उमजलं नव्हतं, तरी तोही हसला.

निघायची वेळ झाली. मी ओंकारला चल म्हणणार होते, पण तो अण्णांबरोबर गोठ्याकडे गेला होता. विमलताई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या त्याला आज. सकाळी मोटरसायकलवर अण्णा सोडतील कामावर. मी गाडीत बसले. दत्ताने गाडी सुरू केली आणि घोटावड्याच्या अलीकडे रेंज आल्यावर मी ऑफिसला फोन लावला. स्पर्धक घरी पोचला की तसं कळवावं लागे. पलीकडे एक नवीन मुलगी होती. तिने विचारलं, "ओंकार पोचले का मॅडम घरी?"

"हो," मी म्हणाले, "पोचला. जेवलाही."